सक्ती हवी, पण माणसावर आणि कंपनीवर, दोघांवर

"मला काही झालेलं नाहीये, रोज व्यायाम करतो, सिगारेट नाही, दारू नाही, मग दुसऱ्यांच्या आजारपणाचे पैसे मी का भरायचे?" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि त्यातले बरेचसे हुशार, सरळमार्गी लोक आहेत, की एकदा नीट बसून उत्तर लिहावं असं कधीपासून मनात होतं. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

माझं मत असं की आरोग्य विमा निरोगी माणसालाही सक्तीचा असावा. फक्त ही सक्ती एकतर्फी नको. माणसाला जसं "बाहेर राहता येणार नाही" असं सांगायचं तसंच विमा कंपनीलाही सांगायचं, की बाई, तुला कोणालाही नाकारता येणार नाही, आणि हा आजारी आहे म्हणून याच्याकडून जास्त हप्ता घेता येणार नाही. या दोन गोष्टी एकत्रच येतात. एक काढली की दुसरी कोसळते, आणि सगळी गंमत, म्हणजे सगळं दुःखच खरं तर, त्यात आहे.

आधी हिशोब बघूया कारण भावनेवर बोललं की लोक म्हणतात तुम्ही इमोशनल होताय. आजारपणाचा खर्च सगळ्यांमध्ये सारखा वाटलेला नसतो. अमेरिकेत याची आकडेवारी वर्षानुवर्षं ठेवतात, तिथे साधारण ५ टक्के लोकांवर एकूण खर्चाचा जवळजवळ अर्धा भाग जातो आणि सगळ्यात कमी खर्चाच्या निम्म्या लोकांवर मिळून जातो फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. आता समजा शंभर माणसं एका विम्यात आहेत आणि सगळ्यांचा हप्ता सारखा आहे. त्यातली पन्नास ठणठणीत माणसं म्हणाली, आम्हाला नको, आम्ही चाललो. त्यांच्याबरोबर खर्च किती गेला? तीन टक्के. उरलेला ९७ टक्के खर्च आता पन्नास जणांनी वाटून घ्यायचा. हप्ता एका झटक्यात जवळजवळ दुप्पट! मग या पन्नासातले जे जरा बरे आहेत ते विचार करतात, एवढा हप्ता भरण्यापेक्षा लागेल तेव्हा खिशातून देऊ, आणि तेही जातात, हप्ता पुन्हा चढतो, आणि असं करत करत शेवटी आत राहतात ते फक्त ज्यांना बाहेर जाणं परवडतच नाही असे आजारी लोक, आणि त्यांना तो हप्ताही परवडत नाही.

हे कागदावरचं गणित नाहीये, झालेलं आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये मोठा आरोग्य कायदा केला, त्यात कंपन्यांनी आजारी माणसाला नाकारायचं नाही हेही होतं आणि सगळ्यांनी विमा घ्यायचा हेही होतं. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, सक्तीचा भाग काढून टाकला आणि "नाकारायचं नाही" हा भाग बराचसा तसाच ठेवला, कारण तो लोकांना आवडत होता, कोणाला नाही आवडणार. परिणाम काय? लोक आजारी पडल्यावर विमा घ्यायला लागले, हप्ते वाढले, कंपन्या एकेक करून बाजूला झाल्या आणि १९९९ पर्यंत अशी वेळ आली की राज्याच्या बहुतेक भागात एकट्या माणसाला स्वतःसाठी नवीन पॉलिसी विकणारी कंपनीच उरली नाही. म्हणजे आजारी माणसासाठी केलेल्या कायद्याने आजारी आणि निरोगी दोघांनाही दार बंद झालं. चांगल्या हेतूने अर्धवट केलेलं काम किती महागात पडतं ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार.

आता "मी निरोगी आहे" या वाक्याबद्दल. माझा एक मावसभाऊ आहे, फ्रीलान्स डिझाइनर, तिशीही गाठली नव्हती तेव्हाची गोष्ट. पळायला जायचा, जिमला जायचा, खाण्यापिण्याच्या बाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा शिस्तीचा. त्याचं वजन उतरायला लागलं, पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली, तो खूश की जिमचा रिझल्ट दिसतोय आणि आम्हीही त्याचं कौतुक करत होतो. रात्री उठून उठून पाणी प्यायचा, उशाशी मोठी बाटली ठेवायला लागला, तर म्हणे घाम जास्त येतो ना म्हणून. मग एके दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात लागला, बोलताना शब्द जुळेनात, उचलून नेला तर थेट आयसीयू. टाइप वन डायबेटिस. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, यात साखर जास्त खाल्ली, व्यायाम कमी केला, असलं काहीही नसतं. आता आयुष्यभर इन्सुलिन, रोज, एकही दिवस सुट्टी नाही. विमा त्याने घेतलेला नव्हता, कारण अर्थातच तो निरोगी होता.

बरा होऊन घरी आल्यावर त्याने पॉलिसीसाठी एजंटला बोलावलं. मी तिथेच बसले होते. फॉर्ममध्ये आजारांच्या यादीत त्याने डायबेटिससमोर "होय"वर टिक केलं आणि एजंटचं बोलणंच बदललं, इतका वेळ "सर, सर" चाललेलं ते एकदम हळू आणि सावध झालं. शेवटी उत्तर आलं की पॉलिसी मिळेल पण डायबेटिस आणि त्यामुळे होणारं सगळं वगळून. आता डायबेटिसमुळे काय काय होतं? डोळे, किडनी, हृदय, पायाच्या जखमा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मला जे झालंय तेवढंच सोडून बाकी सगळं कव्हर करतायत." त्या एजंटचा मला राग नाही आला, तो बिचारा कंपनीचा नियम वाचून दाखवत होता, आणि कंपनीच्या जागी बसून विचार केला तर जोपर्यंत लोकांना हवं तेव्हा आत यायची आणि हवं तेव्हा बाहेर जायची मुभा आहे तोपर्यंत कंपनी तरी दुसरं काय करणार? ती आजारी माणसाला टाळणारच. हे टाळणं थांबवायचं तर निरोगी माणसांचं बाहेर थांबणं थांबवावं लागतं. दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

आपल्याकडे म्हणतात ना, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. निरोगी असणं म्हणजे सुपात असणं आहे. काही जण सुपात ऐंशी वर्षं राहतात, काही जण जन्मतःच जात्यात असतात, हृदयाला भोक घेऊन आलेलं बाळ कुठे गेलं होतं विमा काढायला. कोण कधी पडणार हे कोणाच्याच हातात नाहीये आणि म्हणूनच सगळ्यांनी आधी थोडं थोडं भरायचं.

मग येतो स्वातंत्र्याचा मुद्दा. हा मुद्दा मी हलका मानत नाही. सरकारने मला अमुक विकत घे म्हणून सांगणं हे कोणालाही टोचणारच, मलाही टोचतं. ओबामाच्या काळातल्या २०१० च्या कायद्यात अशी सक्ती होती आणि प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा २०१२ च्या सुनावणीत न्यायमूर्ती स्कालिया यांनी ब्रोकोलीचा मुद्दा काढला होता, की आज सरकार विमा घ्यायला लावू शकतं तर उद्या ब्रोकोली घ्यायला लावेल का. कोर्टाने शेवटी ५ विरुद्ध ४ अशी ती सक्ती टिकवली, विमा न घेणाऱ्याला लागणारा दंड म्हणजे एक प्रकारचा कर आहे असं मानून. पण ब्रोकोलीचा प्रश्न लोकांच्या डोक्यात राहिला. माझं उत्तर असं की मी ब्रोकोली घेतली नाही तर तुमची ब्रोकोली महाग होत नाही. आणि ब्रोकोली न घेणाऱ्या माणसाला मध्यरात्री स्ट्रेचरवरून आणून कोणी माझ्या पैशाने ब्रोकोली खायला घालत नाही. आजारपणात नेमकं हेच होतं. अपघात झालेला माणूस दारात आला तर त्याच्याकडे विमा आहे की नाही हे बघून त्याला परत पाठवायचं असं आपण करत नाही, आणि करूही नये. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, पैसे असोत नसोत, हॉस्पिटलने तपासायचं आणि आधी स्थिर करायचं. ते बिल कुठेतरी जातंच ना. बाकीच्यांच्या बिलात जातं, करात जातं, नाहीतर त्या माणसाच्या घरच्यांच्या दागिन्यांवर आणि घरावर जातं. म्हणजे जो म्हणतो "मी विमा घेत नाही, माझं मी बघेन", त्याच्याकडे आयसीयूचा महिनाभराचा खर्च उचलायची ऐपत असेल तर ठीक, पण असे किती असतात? बाकीच्यांचं "माझं मी बघेन" म्हणजे वेळ आली की घरचे बघतील नाहीतर गाव बघेल, एवढंच असतं.

आणि ज्यांना ही सक्ती म्हणजे डाव्यांचं खूळ वाटतं त्यांच्यासाठी एवढंच, की १८८३ मध्ये कामगारांना सक्तीचा आजारपण विमा आणला तो जर्मनीत तिथला तेव्हाचा चॅन्सलर बिस्मार्क याने, आणि तो काही डावा नव्हता. अमेरिकेत ही कल्पना १९८९ मध्ये मांडली हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने, २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा केला तो उजव्या रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर मिट रॉमनी यांनी. उलट खुद्द ओबामा २००८ च्या प्रचारात हिलरी क्लिंटन यांच्या अशाच सक्तीच्या विरोधात बोलत होते, नंतर कायदा करायला बसल्यावर त्यांनाही ती घ्यावी लागली. ब्रिटनसारख्या देशात, जिथे १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा करातून चालते, तिथे कोणी सक्ती हा शब्द वापरत नाही, पण कर न भरायची मुभा कुठे आहे तिथे? तिथला निरोगी माणूसही भरतोच.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून गेली. ओबामाच्या कायद्यात विमा न घेणाऱ्याला आयकराबरोबर दंड भरावा लागायचा. २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या कर खात्याने असा दंड भरलेल्या कुटुंबांना पत्रं पाठवायची ठरवली, साधं पत्र, की तुम्ही दंड भरलाय, त्यापेक्षा विमा घ्या, अशी अशी मदत मिळते, इथे नोंदणी करा. कुटुंबं होती साधारण ४५ लाख पण बजेट तेवढं नव्हतं म्हणून कोणाला पाठवायचं ते लॉटरीसारखं ठरवलं, ३९ लाखांना पत्र गेलं, बाकीच्यांना नाही. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही गटांचं पुढे काय झालं ते बघितलं. पत्र गेलेल्यांमध्ये विमा घेणारे वाढले, हे अपेक्षितच होतं. पण ४५ ते ६४ वयाच्या, आधी विमा नसलेल्या लोकांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यू कमी झाले. साधारण दर १,६४८ जणांना पत्र गेलं तिथे एक मृत्यू टळला. एका पत्राने! ज्यांना पत्र गेलं नाही ती माणसं काही वेगळी नव्हती, फक्त चिठ्ठीत नाव आलं नव्हतं. हे वाचल्यापासून "विमा घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं" हे वाक्य मला पूर्वीसारखं निरागस वाटत नाही. लोक विचारपूर्वक नाही म्हणत नसतात हो, बऱ्याच वेळा फॉर्म राहून गेलेला असतो, कोणी सांगितलेलं नसतं, पुढच्या महिन्यात बघू असं करता करता वर्षं जातात.

बरं, आता माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगायलाच हवी. २०१७ च्या शेवटी ट्रम्प सरकारच्या करकायद्याने तो दंड शून्य केला, २०१९ पासून. बऱ्याच जणांना वाटलं होतं की आता अख्खा बाजार कोसळणार. नाही कोसळला. कारण तिथे उत्पन्नाप्रमाणे सबसिडी आहे, कमी उत्पन्नाच्या माणसाने किती टक्के भरायचे हे ठरलेलं आहे, हप्ता वाढला तरी वरचा बोजा सरकार उचलतं, त्यामुळे बहुतेक लोक आत राहिले. यातून मी काय शिकले तर दंडापेक्षा मदत जास्त जोरात ओढते. हे मी मनापासून मान्य करते. पण वाढलेला हप्ता हवेत विरत नाही, तो सरकारी तिजोरीतून म्हणजे सगळ्यांच्याच खिशातून जातो, आणि मदत उद्या कमी केली तर? वॉशिंग्टन राज्यात सक्ती काढली तेव्हा अशी जाड उशी खाली नव्हती. आणि कॅलिफोर्निया, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांनी केंद्राचा दंड गेल्यावर स्वतःचा राज्याचा दंड सुरू केला, ते उगाच नाही.

सक्तीच्या विरोधातला मला सगळ्यात खरा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. खासगी कंपनी नफा कमावणार, आणि सरकार मला हाताला धरून तिच्या दारात नेणार. हे चुकीचंच आहे. क्लेम आला की कागदातली एखादी ओळ शोधून नाही म्हणायचं, आणि गिऱ्हाईक मात्र कायद्याने बांधलेलं, असं असेल तर मीसुद्धा सक्तीच्या विरोधात उभी राहीन. स्वित्झर्लंडमध्ये सक्ती १९९६ पासून आहे, लोकांनी १९९४ मध्ये मतदान करून घेतलेली, आणि विमा खासगी कंपन्यांचाच आहे. पण तिथे मूलभूत पॉलिसीवर कंपनीला नफा काढता येत नाही, त्या पॉलिसीत काय काय असणार ते कायद्यात ठरलंय, आलेल्या कोणालाही घ्यावंच लागतं, आणि एकाच भागातल्या २६ वर्षांच्या किंवा त्यावरच्या दोन माणसांना, एक कॅन्सरचा पेशंट आणि एक मॅरेथॉन पळणारा, त्याच कंपनीच्या त्याच पॉलिसीला तोच हप्ता. नफा काढायचा तर वरच्या जादा पॉलिसींवर काढा, सेमी प्रायव्हेट खोली वगैरे. नेदरलँड्समध्येही २००६ पासून बरंचसं असंच, शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांचा हप्ता घ्यायचाच नाही, तो सरकार भरतं, आणि ज्या कंपनीकडे आजारी माणसं जास्त आली तिला सगळ्यांच्या एकत्र फंडातून जास्त पैसे मिळतात, म्हणजे आजारी माणूस टाळण्यात कंपनीचा फायदाच उरत नाही. माझ्या मावसभावाचा फॉर्म अशा ठिकाणी भरला गेला असता तर त्या टिकचा काही अर्थच उरला नसता. मला सक्ती हवी ती अशी.

स्वस्त आहे का तिथे? अजिबात नाही, स्विस लोक हप्त्यांबद्दल दरवर्षी तक्रार करतात आणि ती रास्त आहे. सक्तीने उपचार स्वस्त होत नाहीत, औषधांचे आणि हॉस्पिटलचे दर आवरणं हे वेगळं काम आहे, ते विम्याच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

काही जण मधला मार्ग सुचवतात की सक्ती नको, पण उशिरा आलात तर हप्ता जास्त. ऑस्ट्रेलियात खासगी विम्याला २००० पासून असं आहे, तिशीनंतर जेवढी वर्षं उशीर तेवढे दर वर्षाला २ टक्के जादा. कल्पना चांगली आहे, पण तिथे खाली सरकारी मेडिकेअर सगळ्यांसाठी आहे, खासगी विमा नसला तरी माणूस उघड्यावर पडत नाही. जिथे खाली काहीच नाही तिथे ज्याला तेव्हा परवडलं नाही आणि आता गरज आहे त्याच माणसाला आपण जास्त भरायला लावणार, हे मला नाही पटत.

तरुणांचं म्हणणं मात्र मला काही अंशी मान्य आहे. पंचविशीतल्या मुलाचा पगार कमी, त्याच्यावर कर्ज, आणि त्याने साठीच्या सुखवस्तू माणसाइतकाच हप्ता भरायचा हे जरा जास्त होतं. वयाप्रमाणे थोडा फरक ठेवा, ओबामाच्या कायद्यात सर्वात वयस्कर आणि एकवीस वर्षांच्या माणसाच्या हप्त्यात जास्तीत जास्त तिप्पट फरक चालतो, तसं काही. आणि मुख्य म्हणजे हप्ता उत्पन्नाशी बांधा. ज्याच्याकडे खरंच नाहीये त्याच्यावर दंड लावणं हा क्रूरपणा आहे, तिथे हप्ता सरकारनेच भरायचा.

आणि जो भरू शकतो पण भरतच नाही त्याचं काय करायचं? माझं म्हणणं, दंड करत बसण्यापेक्षा त्याची नोंदणी आपोआप करून टाका. स्वित्झर्लंडमध्ये मुदतीत विमा घेतला नाही तर कँटन, म्हणजे तिथलं राज्य, स्वतः एखादी कंपनी ठरवून देतं, आणि हप्ता वसूल करायचा तर कर वसूल करतो तसा नंतर करता येतो. पण त्याच देशात काही कँटननी एक गोष्ट केली ती मला अजिबात पटलेली नाही, हप्ते थकवणाऱ्यांच्या याद्या केल्या आणि त्यांना इमर्जन्सी सोडून उपचार बंद. काही कँटननी नंतर त्या याद्या बंद केल्या, चांगलं केलं. कारण थकलेल्या हप्त्यासाठी माणसाचं इन्सुलिन किंवा डायलिसिस अडवायचं असेल तर आपण ज्या एजंटच्या फॉर्मपासून सुटायला निघालो होतो तोच फॉर्म सरकारी शिक्क्यासह परत आणला. थकबाकी वसूल करा, हप्ते बांधून द्या, पगारातून कापा, काय करायचं ते करा. उपचार अडवायचे नाहीत, आणि कायदा करताना हे पहिल्याच पानावर लिहा, मागाहून नियमांमध्ये बघू असं नको.